दोरीवरची चादर कुणाच्या डोळ्यांत खुपते?

‘दर्शनी भागात कपडे वाळत घालण्यास सक्त मनाई. इमारतीची शोभा जाते.’ अशी नोटीस लागली की लोक थोडे दिवस कुरकुरतात आणि मग मुकाट्याने दोऱ्या सोडतात. आमच्याकडेही तेच झालं. माझी दोरी अजून आहे आणि मी ती काढणार नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

शोभा म्हणजे नक्की काय हो? एसीचे लटकणारे डबे चालतात, डिश चालते, केबलची लोंबती जाळी चालते. धुतलेली चादर तेवढी चालत नाही! खरं कारण सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. बाहेर कपडे दिसले म्हणजे ड्रायर घ्यायची ऐपत नाही, आणि तसं दिसलं की घरांचे भाव पडतात, ही ती धास्ती.

याच धास्तीपोटी अमेरिकेत अनेक घरमालक संघटनांनी स्वतःच्या अंगणातल्या दोरीवरही बंदी घातली. त्यातूनच तिथे ‘राइट टू ड्राय’ची चळवळ उभी राहिली. फ्लोरिडाच्या कायद्यात कपड्यांची दोरी चक्क सौरऊर्जेच्या उपकरणांच्या पंगतीत बसलीय, तिच्यावर बंदी घालता येत नाही. कॅनडात ऑंटारियोने २००८मध्ये, अमेरिकेत व्हरमाँटने २००९मध्ये अशा बंदीला चाप लावला. कॅलिफोर्नियाने २०१५मध्ये कायदा केला, पण त्यात मेख आहे. बाल्कनी किंवा कठडा याला ‘दोरी’ म्हणता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे परसदार असलेल्याला हक्क, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला? ज्याच्याकडे जागाच बाल्कनीएवढी आहे, त्याच्या हाती काहीच नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

‘मग घरात वाळवा की,’ असं सहज सांगितलं जातं. मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांतही लिटर-दोन लिटर पाणी असतं. ते जाणार कुठे? बंद खोलीत ते भिंतीवर बसतं, कपाटामागे बुरशी धरते, आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. जीन्स वरून खडखडीत लागते, पण खिशात बोट घाला, आतलं अस्तर दुसऱ्या दिवशीही दमट असतं आणि त्याला तो कुबट वास. बाहेर वारं लागलं की हे होत नाही. ऊन नसलं तरी चालतं, वारं हवं.

ड्रायरचं म्हणाल, तर एक लिटर पाण्याची वाफ करायलाच युनिटचा सुमारे दोन तृतीयांश भाग खर्ची पडतो. हीट पंपाचा ड्रायर तीच उष्णता फिरवून वापरतो, त्यामुळे वीज कमी खातो, पण तो महाग असतो. शिवाय ड्रायरच्या जाळीत जमणारा तो करडा कापूस म्हणजे आपल्याच कपड्यांची झीज. तो वेळेवर काढला नाही तर आग लागू शकते.

बाहेर वाळलेल्या टॉवेलचा वासही नुसता मनाचा खेळ नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२०मध्ये सुती टॉवेल उन्हात, सावलीत आणि घरात वाळवून पाहिले, तर उन्हातल्या टॉवेलवर आल्डिहाइड आणि कीटोन ही सुगंधी रसायनं सापडली. (रंगीत कपडे मात्र उलटे करून घाला, ऊन रंग खातं.)

नियमच नकोत असं मी म्हणत नाही. खालच्यांच्या वाळलेल्या कपड्यांवर माझं पाणी ठिबकलं तर त्यांनी भांडायलाच हवं. ओली गोधडी कठड्यावर टाकून ती खाली कुणाच्या डोक्यात पडली तर दंड करा. आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेत दोरी नको, हेही कबूल. हे सगळं त्रासाबद्दल आहे. नुसतं दिसण्यावर बंदी का?

कमिटीला मी लेखी कळवलंय: दोरी कठड्याच्या आत, कठड्याहून खाली, कपडे पूर्ण पिळलेले, रात्री दोरी रिकामी. एवढं पाळूनही कुणाची हरकत असेल तर कारण लेखी द्या, आणि त्यात ‘शोभा’ हा शब्द नको. अजून उत्तर आलेलं नाही. तुमच्याकडे असा नियम असेल तर त्यात कारण काय लिहिलंय, ते खाली सांगा.