"चालेल सर"

सांगलीचे मामा दर महिन्या-दोन महिन्यांनी मला तोच प्रश्न विचारतात. "काय रे, तुझे ते जर्मन खरंच एवढे राबले का?" २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, आणि दाखला दिला महायुद्धानंतरच्या जर्मनी-जपानचा. मी राहतो बर्लिनमध्ये, त्यामुळे तेव्हापासून घरच्या ग्रुपवर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तास आले, वर रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, हा सवालही आला. मामींनी लगेच लिहिलं, "आणि बायकोनं ह्यांच्याकडे किती वेळ बघायचं?" त्या दिवशी ग्रुपवर पुढे कोणी काही बोललं नाही.

तर साक्ष देतो. जर्मन राबले, यात वाद नाही. शनिवार धरून सहा दिवस, साधारण ४८ तास. पण त्याच काळात त्यांना अमेरिकेच्या मार्शल योजनेचा पैसा मिळाला आणि १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचं निम्म्याच्या आसपास परकीय कर्ज माफ झालं. फॉरवर्डमध्ये हा भाग नसतो. १९५६ सालचं एक पोस्टरही नसतं. एक लहान मूल, आणि ओळ अशी: शनिवारी बाबा माझे. कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्यासाठी ते काढलं होतं. युद्ध संपून जेमतेम ११ वर्षं झाली होती. देश उभा करायचा होताच, आणि त्यातच शनिवारही मागितला. यात आपल्याला नवल वाटण्याचं खरं तर कारण नाही. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवार मागत होते तो काळ १८८४ चा, आणि तो रविवार मिळाला १८९० साली. पण मूर्तींना उत्तर देताना लोखंडे कोणाला आठवले नाहीत, मलाही नाही. मी आपला जर्मनीचे कायदे सांगत बसलो.

ते सांगण्याचा मला कितपत अधिकार आहे, ते आता बघा.

२०१९ मध्ये इथे छोटी कंपनी काढली. बेकऱ्यांसाठी सॉफ्टवेअर, उद्या किती पाव खपतील याचा अंदाज सांगणारं. मी निवडलेल्या प्रकारच्या कंपनीचं भांडवल २५,००० युरो असावं लागतं आणि कागदपत्रं नोटरीपुढे करावी लागतात. नोटरी तो सगळा दस्त आपल्यापुढे मोठ्यानं वाचतो, शब्दन् शब्द. पोथी ऐकावी तसा मी हात जोडायचाच बाकी होतो. मनात म्हटलं, हे लोक असा वेळ घालवतात आणि यांच्याकडून आपण उत्पादकता शिकायची!

पहिली कर्मचारी लाइपझिगची. साडेपाचला लॅपटॉप मिटायची. यालाच इथे फायरआबेंट म्हणतात, कामाचा दिवस संपला, आता संध्याकाळ आपली. एका गुरुवारी पाच वाजून दहा मिनिटांनी मी तिला सांगितलं की उद्या ग्राहकाला दाखवायचंय, एवढे तीन बदल हवेत. ती शांतपणे म्हणाली, "यातला एक होईल. कोणता?" मला सांगता येईना. तिन्ही महत्त्वाचे होते, म्हणजे कोणता महत्त्वाचा हे मी सोमवारपासून ठरवलंच नव्हतं. मला राग आला, आणि रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसलो. त्या बसण्यात निघालेलं काम दहा मिनिटांचं होतं: दोन बदलांवर काट मारणं. धंद्यात मी जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्या रात्रीचं आहे. मालकानं न घेतलेला निर्णय हाताखालच्या माणसाच्या तासांतून वसूल होतो. तिनं साडेपाचनंतर तास द्यायला नकार दिला, म्हणून माझं काम माझ्याच टेबलावर परत आलं. ती "हो" म्हणाली असती तर मी आजही तिन्ही बदल मागत असतो.

तेवढ्यानं मी सुधारलो असं मात्र झालं नाही. इथला कायदा दिवसाला आठ तासांचा, फार तर दहा, तेही पुढे सरासरी आठवर आणायची. दोन दिवसांच्या कामामध्ये ११ तास विश्रांती. बर्लिनच्या तिघांच्या बाबतीत हे सगळं मी बिनचूक पाळलं. पुण्यातून माझ्यासाठी काम करणाऱ्या दोघांच्या बाबतीत नाही. रोजची बैठक ठेवली आमच्या दुपारी चारला. पुण्यात तेव्हा उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. "चालेल सर," दोघं म्हणाले. वर्षभर चाललं. मग एकदा बैठक लांबली आणि त्यातला एक माइक बंद करायला विसरला. मागून कुकरच्या शिट्ट्या आल्या. मग ताटं मांडल्याचा आवाज, कोणीतरी त्याला हळूच हाक मारली, मग थोडी शांतता, मग भांडी घासल्याचा आवाज. आम्ही एका बटणाच्या रंगावर बोलत होतो.

महाराष्ट्र मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत दिवसाचे नऊ तास १२ पर्यंत आणि मोठ्या आस्थापनांत १० पर्यंत नेण्याला मंजुरी दिली, तेव्हा एक खुलासा आवर्जून केला गेला: जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल. वाचताना मला कुकर आठवला. संमती माझ्याकडेही होती, रोजची, "सर" लावून.

इथे सगळं आलबेल आहे असं कोणी समजू नये. साध्या परवान्यासाठी महिनोन् महिने थांबलोय, आणि "हे माझ्या खात्याचं नाही" हे वाक्य जर्मनमध्येही तितकंच सफाईदार येतं. चार दिवसांच्या आठवड्यावर समृद्धी टिकणार नाही, असं चॅन्सलर मेर्त्सही २०२५ मध्ये म्हणाले. ती बातमी मला बर्लिनमध्ये कळायच्या आधी मामांनी पाठवली! मी स्वतः काही आठवडे ७० तास भरतो, नाकारत नाही. इथला कायदा मालकाला लागू नाही. पण कंपनी उद्या विकली गेली तर पैसे माझ्या खात्यात येतील. भांडी घासली जात असताना बटणाचा रंग ऐकणाऱ्याच्या खात्यात त्या महिन्याचा पगार येईल. ७० तासांचा सल्ला देणाऱ्यांनी हा फरक एकदा उच्चारला तरी निम्मा वाद मिटेल, असं मला वाटतं.

माझे वडील साखर कारखान्यात होते. भोंगा झाला की पाळी संपली, सायकल गेटाबाहेर. साहेब बसलाय का, हे बघायला कोणी मान वळवत नसे. गळीत हंगामात जादा पाळ्या असायच्या, पण त्यांचे पैसे वेगळे आणि हंगाम संपायचा. मला लॅपटॉपवर काम मिळालं तेव्हा घरात पेढे वाटले. भोंगा मागे राहिला, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

आता बैठक बर्लिनच्या सकाळी आठला असते. डिसेंबरात तेव्हा इथे जेमतेम उजाडत असतं. मी चहा घेऊन, डोळे चोळत बसतो. पुण्यात साडेबारा झालेले असतात आणि त्या दोघांची अर्धी कामं उरकलेली असतात. परवा मी नेहमीप्रमाणे एक जादा बदल सुचवला. पलीकडे क्षणभर शांतता. मग तोच, कुकरवाला, म्हणाला, "सर, हा घेतला तर कालचा राहील. कोणता ठेवायचा ते तुम्ही ठरवा, तोवर आम्ही जेवून येतो."