घाटातली अंडी आणि लेसोथोचे तीन दात

आठ दिवसांत हा मेसेज मला चौथ्यांदा आला. आधी भावकीच्या ग्रुपवर, मग अजिंक्यताऱ्यावर सकाळी चढणाऱ्यांच्या ग्रुपवर, नंतर दोन वेळा कुठून आला ते बघितलंही नाही. फोटो एकच आहे. रस्त्यासाठी कापलेली घाटातली दरड, तिच्यात रुतलेले नारळाएवढे गोल दगड आणि आकार कळावा म्हणून शेजारी ठेवलेली चप्पल. खाली मजकूर असा:

"साताऱ्याच्या घाटात डायनासोरची अंडी! हा लेसोथोसॉरस नावाचा कोंबडीएवढा शाकाहारी डायनासोर. परदेशी शास्त्रज्ञांनी तीन दातांवरून अख्खा प्राणी रचला आणि तीनदा नाव बदललं. प्रत्यक्षात ते मोठ्या डायनासोरचं पिल्लू होतं. कंबर पक्ष्यासारखी, म्हणजे आपली कोंबडी त्याच्यापासूनच आली. अभिमान वाटला तर पुढे पाठवा."

मी "खोटं आहे" एवढंच लिहिलं. त्यावर आमचे चुलते आप्पा म्हणाले, "नुसतं खोटं म्हणू नकोस, मुद्द्याला मुद्दा दे." तर हे घ्या, आप्पा.

आधी ती अंडी. यवतेश्वरच्या वाटेला लागा किंवा सह्याद्रीतला कुठलाही घाट घ्या, कापलेल्या दरडीत असे गोटे दिसतातच. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात, म्हणजे खडकाचे चौकोनी ठोकळे होतात. भेगांतून पाणी मुरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला ते एकाच अंगाने कुरतडतं, कोपऱ्याला मात्र तिन्ही अंगांनी. खडीसाखर तोंडात धरली की आधी कोपरे जातात ना, तसंच. बाहेरचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात, त्यांचा मुरूम होतो आणि मधे घट्ट काळा गोटा उरतो. अंड्याला कवच असतं. गुजरातेत बालासिनोरजवळ खरी डायनासोरची अंडी मिळाली आहेत. त्यांचं कवच जेमतेम एखाद-दोन मिलिमीटरचं, आणि त्यात श्वासाची बारीक छिद्रं. आपल्या गोट्याला कवच नाही. फोडला तर आतही तोच काळा दगड.

दुसरी अडचण वयाची. साताऱ्याचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लेसोथोसॉरस १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा. मधे तेरा कोटी वर्षांची दरी आहे.

यावर आप्पा म्हणतील, लाव्हाच्या खाली असेल की. प्रश्न चांगला आहे, कारण खुद्द लेसोथोत तसंच आहे. दक्षिण आफ्रिकेने चारही बाजूंनी वेढलेला तो चिमुकला देश, त्याचे उंच डोंगरही आपल्यासारखेच लाव्हाचे, १८ कोटी वर्षांपूर्वीचे. हाडं मिळतात ती त्या लाव्हाच्या खाली, एलियट नावाच्या तांबड्या चिखलाच्या आणि वाळूच्या खडकात. मग आपल्याकडे खाली काय आहे? तेही बघून झालंय. भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल बोअर घेतल्या, त्यातली गोठणे गावातली २०१७ मध्ये ३ किलोमीटरपर्यंत गेली. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपास सगळा काळा पाषाण, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. मधे चिखलाचा, वाळूचा थरच नाही, मग हाडं राहणार कशात? आप्पांच्या मळ्यात बोअर मारली तेव्हा साडेतीनशे फुटांपर्यंत काळी भुकटीच वर येत होती. तेव्हा आप्पा पाणी लागेना म्हणून वैतागले होते, डायनासोरची आठवण कुणालाच झाली नाही.

आता तीन दात आणि तीन नावं. मेसेजमधला हा भाग मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो अर्धा खरा आहे.

१९६४ साली लिओनार गिन्झबुर्ग या फ्रेंच संशोधकाने खालच्या जबड्याच्या एका तुकड्याचं वर्णन छापलं. तुकड्यात दात तीनच. देशाचं नाव तेव्हा बासुटोलँड होतं. जाँ फाब्र या भूवैज्ञानिकाच्या नावावरून त्याने प्राण्याचं नाव ठेवलं फॅब्रोसॉरस ऑस्ट्रॅलिस. पुढे १९७० आणि १९७२ मध्ये टोनी थुलबॉर्न यांनी त्याच भागातल्या कवटीचं आणि उरलेल्या सांगाड्याचं वर्णन केलं आणि ते फॅब्रोसॉरसच्याच नावावर टाकलं. म्हणजे प्राणी तीन दातांवरून रचलाच नाही. तो कवटी, कणा आणि पाय हातात घेऊन कळला. तीन दातांवर उभं होतं ते फक्त नाव.

१९७८ मध्ये पीटर गाल्टन यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. पानासारखे, कडेला दातेरी असे ते दात तेव्हाच्या बऱ्याच लहान शाकाहारी डायनासोरांचे असू शकतात. मग ही चांगली कवटी त्याच प्राण्याची कशावरून? सातबाऱ्याच्या भाषेत सांगतो. नाव माणसाला चिकटत नाही, गटाला चिकटतं. फॅब्रोसॉरस हे नाव त्या जबड्याच्या तुकड्याच्या गटावर चढलंय आणि त्या गटाच्या हद्दीच ठरत नाहीत. अशा उताऱ्यावर शेजारचं चांगलं रान चढवता येतं का? गाल्टननी नव्या गटाचा नवा उतारा काढला, लेसोथोसॉरस डायग्नॉस्टिकस. दुसऱ्या शब्दाचा रोख उघड आहे, ज्याची ओळख पटवता येते तो. जुनं नाव खोडलं नाही. ते 'संशयास्पद' शेरा मारून तसंच ठेवलं.

तिसरं नाव स्टॉर्मबर्जिया. २००५ मध्ये रिचर्ड बटलर यांनी त्याच थरांतल्या मोठ्या हाडांना ते दिलं. २०१७ मध्ये बॅरन, नॉर्मन आणि बॅरेट यांनी ही हाडं लेसोथोसॉरसच्याच मोठ्या वयाची असल्याचं दाखवलं. एकाच खातेदाराची दोन खाती निघाली, ती एकत्र केली. 'तीनदा नाव बदललं' म्हणणाऱ्याने फेरफार वाचलेच नाहीत. खरी गफलत कुठे झाली असेल तर 'फॅब्रोसॉरिडी' या कुळात. जे कुठे बसेना ते तिथं, घरखर्चाच्या वहीतल्या 'किरकोळ'सारखं. १९९१ मध्ये पॉल सेरेनो यांनी तो किरकोळ खर्च मांडून दाखवला आणि कुळाचा आधार गेला. आजही लेसोथोसॉरसची जागा पक्की नाही. काहींना तो पक्ष्यासारख्या कंबरेच्या डायनासोरांच्या वंशवृक्षात अगदी बुंध्याशी वाटतो, काहींना पुढे पाठीवर ढाली आलेल्या डायनासोरांच्या फांदीच्या तोंडाशी.

पिल्लू म्हणालात, तिथं मात्र मेसेजचा नेम जवळपास लागलाय. हाडांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळलं की लहान नमुने वाढीच्या वयातलेच होते. पण ती कुणा राक्षसाची पिल्लं नव्हेत, स्वतःच्याच जातीची. पूर्ण वाढलेलाही नाकापासून शेपटीपर्यंत दोन मीटरच्या आसपास, आणि त्यात शेपटीचा वाटा मोठा. कोंबडीएवढा मात्र नाही.

राहिली कंबर. १८८७ मध्ये हॅरी सीली यांनी कंबरेच्या हाडांवरून डायनासोरांचे दोन भाग केले, सरड्यासारख्या कंबरेचे आणि पक्ष्यासारख्या कंबरेचे. लेसोथोसॉरस दुसऱ्यात. गंमत अशी की पक्षी आले पहिल्या भागातल्या मांसाहारी डायनासोरांमधून, आणि त्यांच्या कंबरेचं पुढचं हाड नंतर स्वतंत्रपणे मागे वळलं. नावानं फसवलं. २०१७ मध्ये याच बॅरन-नॉर्मन-बॅरेट त्रिकुटाने दोन्ही भाग मोडून नवी मांडणी सुचवली, तिच्यावर वाद चालू आहे. पण तीही मान्य केली तरी लेसोथोसॉरस कोंबडीचा चुलता ठरेल, आजोबा नाही. त्याच्या खालच्या जबड्याच्या टोकाला एक जादा हाड असतं, त्याच्या गटाची खूण. रविवारी कोंबडीचं मुंडकं साफ करताना शोधून बघा, मिळणार नाही.

अभिमानच हवा असेल तर आपल्याच राज्यात सिरोंचा तालुक्यातलं कोटा गाव आहे. त्याच्या नावाचे ज्युरासिक काळातले थर प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पसरलेत. बारापासॉरस हा अजस्र शाकाहारी त्यातलाच, त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. लेसोथोसॉरसच्या भाऊबंदांचे दातही याच थरांतून आले, प्रसाद आणि परमार यांनी २०२० मध्ये ते प्रसिद्ध केले. साताऱ्याहून गाडीने जायला दीड दिवस धरा.

आणि आप्पा, तो चप्पलवाला गोटा कुणी घरी आणलाच असेल तर हातोडीचा एक घाव घालून बघा. आत पांढरं काही चमकलं तर बलक समजू नका, लाव्हाच्या बुडबुड्यात धरलेलं झिओलाइट नावाचं खनिज असेल. मला एक तुकडा ठेवा.