जिमचा सर व्हायचंय? मग एवढं कराच

बेळगावात आता गल्लीला एक जिम झालीय. बोर्ड 60 टक्के कन्नड, आत आरशावर इंग्लिश डायलॉग आणि शिव्या मात्र सगळ्या आपल्या मराठीत. त्यामुळे सर लोकांना डिमांड जबरदस्त आहे. डिग्री घेऊन घरी बसलेल्या पोरांनो, पुण्याची बस कशाला पकडता, इथेच सर व्हा की. कसं व्हायचं ते मी सांगतो. मागच्या आठवड्यात एका सरांच्या कृपेने माझं या विषयाचं शिक्षण फुकटात झालंय. म्हणजे फुकटात नाही, दवाखान्याचं बिल धरलं तर चांगलंच महागात.

पहिलं म्हणजे टी-शर्ट दोन साईझ लहान घ्या.

मग स्नायू कसा चालतो हे चुकूनसुद्धा वाचू नका. शरीरात 600 च्या वर स्नायू असतात म्हणे, असू देत, सरांना चेस्ट, बायसेप, शोल्डर आणि सिक्स पॅक पुरतात. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, म्हणून कोपर वाकवायला बायसेप आणि सरळ करायला मागचा ट्रायसेप अशी जोडी लागते, खरं ट्रायसेप समोरून आरशात कुठे दिसतोय, सोडा. 1954 साली शास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या टीमनी दाखवून दिलं की स्नायू आखडतो तेव्हा आतले तंतू स्वतः लहान होत नाहीत, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन हे प्रोटीनचे दोन तंतू एकमेकांवरून सरकतात (दोन्ही टीममध्ये हक्सले आडनावाचे एकेक होते आणि त्यांचं आपसात काही नातं नाही, मला ही गंमत फार आवडते). मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला धरून ओढतात आणि पकड सोडायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं, मेल्यावर ते संपतं म्हणून मढं ताठ होतं. आता एवढं सगळं डोक्यात भरलं तर रील काढायला वेळ कधी मिळणार?

पोट सुटलेला कोणी आला की सांगायचं, "काका, तुमच्या चरबीचं मसलमध्ये कन्व्हर्ट करून देतो." चरबीची पेशी वेगळी, स्नायूची वेगळी, एकाचं दुसरं होत नाही. पण फी अ‍ॅडव्हान्स घेतलेली असली की सगळं होतंय.

घाम आला की "फॅट रडूलंय" म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी अंग दुखलं की "लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय" हे ठरलेलं उत्तर. ते बिचारं तास-दोन तासात रक्तातून निघूनपण गेलेलं असतं. दुखतं ते स्नायूचे बारीक तंतू दुखावले जातात म्हणून, आणि सगळ्यात जास्त दुखावतात ते ताणलं जात असताना जोर लावल्यावर. राजहंसगड चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. बैठकीत खाली जाताना हेच होतंय. हे सरांना माहीत पाहिजे असं माझं म्हणणं नाही हां, सर कुठे गडावर जातात, गेले तर गाडीने वरपर्यंत.

पावडरचा डबा अ‍ॅडमिशनच्या फॉर्मबरोबरच विकायचा. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रोटीन असतं हे बोलायचं नाही, अंड्यावर कमिशन नसतंय.

आणि आता मेन गोष्ट. नवीन पोरगं आलं की पहिल्याच दिवशी त्याला मोडायचं. आमचा पुतण्या, बारावी झालेला, आयुष्यात मोबाईलपेक्षा जड काही उचललेलं नाही, त्याला सरांनी पहिल्या संध्याकाळी बैठका मारायला लावल्या, शंभरनंतर त्याने मोजायचं सोडलं, थांबला की "पोरगी आहेस काय" आणि बाकीचे हसूलेत, व्हिडिओ काढूलेत. ताकद अशी येत नाही हो, पहिले काही आठवडे तर स्नायू वाढतसुद्धा नाही, स्नायूला हुकूम कसा द्यायचा हे मेंदू आणि नसाच शिकत असतात, वाढ होते ती नंतर, आणि तीपण विश्रांतीत. दोन दिवसांनी पोराला संडासात बसता येईना, मांड्या दगडासारख्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "डिटॉक्स होऊलंय काका, घाण निघूलीय. पावडर बंद करू नका."

घाण नव्हे रे बाबा, मायोग्लोबिन, स्नायूतलंच लाल प्रोटीन. स्नायूच्या पेशी फुटल्या की आतला माल रक्तात उतरतो आणि किडनीत जाऊन बसतो. डॉक्टरांनी रक्तातलं सीके, म्हणजे फुटलेल्या स्नायूतून येणारं एन्झाइम, बघून लगेच अ‍ॅडमिट करून सलाईन लावलं, आणखी उशीर केला असता तर डायलिसिसची पाळी आली असती म्हणाले. वहिनी कॉरिडॉरमध्ये रडत बसलेली आणि तेवढ्यात त्याच जिमचा मेसेज, "नो एक्सक्यूज, आज लेग डे."

तर सर, आता तुमच्याशीच बोलतो, बाकीच्यांनी ऐका. तालमीतला वस्ताद शाळेत गेलेला नसायचा, तरी नव्या पोराला आधी माती खोरायला लावायचा, मग थोडे थोडे जोर, मग कुठे कुस्ती. तुमच्याकडे एसी आहे, मशीन आहेत, आणि पोरगं पांढरं पडलेलं दिसत नाही? लाज नाही वाटत? लघवी काळी झाली म्हटल्यावर दवाखान्यात न्या म्हणायला कुठली डिग्री लागते? आणि आईबापांनो, तुम्हीपण, पोराला पाठवताना फीचं डिस्काउंट विचारता, शिकवणारा कुठे काय शिकलाय ते विचारत नाही. दुखत असताना सांगायची लाज वाटणाऱ्या पोरांनो, तुमच्यावर हसणारे दवाखान्यात एकपण आले नाहीत, लक्षात ठेवा. आणि सर, तो पावडरचा डबा सील न फोडता आमच्याकडे पडलाय. उद्या घेऊन येतोय, भावाचे पैसे काढून ठेवा.