दोन माणसं उभी राहिली म्हणून टेबल टाकी धरतंय होय?

‘फिश टँकचं स्टँड म्हणजे पैसे काढायचा धंदा, घरातलं कुठलंबी टेबल चालतंय’ असा एक मेसेज ग्रुपवर फिरायलाय. फिरू दे म्हणून सोडून दिला असता, पण तो वाचून इथं बेळगावात, अनगोळातल्या आमच्या भाच्यानं 4 फुटी टाकी बुटांच्या कपाटावर चढवायची तयारी केली, मग मात्र डोकं फिरलं.

मेसेजातला पहिला शोध: ‘टेबलावर दोन माणसं उभी राहून बघा, मोडलं नाही तर टाकी बिनधास्त ठेवा.’ अरे बाबा, दोन माणसं म्हणजे फार तर 150 किलो, तीबी मिनिटभर. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे 9 घनफूट, जवळजवळ 255 लिटर, आणि लिटरला एक किलो. काठोकाठ कोण भरत नाही, मान्य, पण 10 मिमीची काचच 50 किलोच्या घरात जाते, वर खडी आणि दगडं, सगळं धरून 300 किलोच्या पुढं गेलं की. आणि हे वजन चहा पिऊन खाली उतरत नाही, वर्षानुवर्षं तिथंच बसतंय. पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून दाबलेली फळी पहिल्या दिवशी सरळ असते, मग हळूहळू मधनं पोट काढते, त्यात आपल्याकडचा पाऊस, दमट हवा, पाणी बदलताना सांडलेलं पाणी कडेतनं आत शिरलं की बोर्ड फुगून भुसा. शिवाय सरळ खाली येणारा भार पाय एक वेळ धरतील, पण पोरगं टेकून उभारलं तर आडवा जोर कोण घेणार? मागं प्लाय नाही, तिरकी पट्टी नाही, चारी पाय एकाच अंगाला कलले की संपलंच. उद्यमबागेत कुठल्याबी वेल्डिंगवाल्याकडनं लोखंडी अँगलचं स्टँड करून घ्या, मागं तिरकी पट्टी मारायला लावा, वर आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेला, पाण्याला टिकणारा 19 मिमीचा मरीन प्लाय टाका.

दुसरा मुद्दा तर कहर आहे. ‘टाकी डुगडुगली तर कोपऱ्याखाली नाणं सरकवा.’ हे लिहिणाऱ्यानं टाकी नुसती दुकानात बघितली असणार. काच दाब भरपूर सोसते, पण वाकवली की तडकते. नाणं घातलं की त्या कोपऱ्याचा सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतोय, तळ पीळ खातोय, काच वाचलीच तर सिलिकॉनचा जोड सुटतोय, आणि लगेच सुटला तर नशीब, बहुतेक तुम्ही झोपल्यावर. पाचर घालायची ती स्टँडच्या पायाखाली, काचेखाली कधीच नाही. गवंड्याकडनं लेव्हल बॉटल मागून आणा, प्लायवर आडवी-उभी दोन्हीकडं लावा, मग टाकी पाव भरून दोन्ही टोकांना तळापासून पाण्याची उंची पट्टीनं मोजा. फरक आला तर पाणी काढा आणि पायाशी दुरुस्त करा, भरलेली टाकी सरकवायला जाऊ नका.

तिसरा मुद्दा, ‘खाली थर्माकोल घाला, मग टेबल कसंबी असू दे’. ह्यातलं अर्धं खरं आहे, तेवढं द्यावं लागेल. बिनफ्रेमच्या टाकीखाली थर्माकोलची शीट हवीच, वाळूचा एखादा कण राहिला तर ती पोटात घेते. पण टेबल 4 इंच आखूड असलं, फळी वाकलेली असली, तर थर्माकोल काय करणार? आणि खालनं प्लॅस्टिकची फ्रेम असलेल्या टाकीला तो सहसा घालूच नये, कारण तिचा भार फ्रेमच्या कडांवर असतो.

राहिला मेसेजातला शेवटचा मुद्दा, ‘स्लॅब काय बी धरतोय’. आयएस 875 भाग 2, म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा त्याचं भारतीय मानक, काढून बघा, राहत्या घराच्या खोलीसाठी चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो धरलेत. आपली टाकी तिच्या बुडाखालच्या जागेवर त्याच्या अडीचपट पडते. तो आकडा अख्ख्या खोलीचा असतो, त्यामुळं चांगला स्लॅब लगेच खाली येत नाही, पण खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईजवळ ठेवा. पुढं काढलेल्या बाल्कनीत तर नकोच. आणि शहापूर-वडगावातल्या जुन्या घराची लाकडी माडी असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकी वर न्यायची नाही.