खुलासा : वॉर्डातला खेळ म्हणजे टाइमपास नव्हे

नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "सरकारी दवाखान्यात लेकरांना औषधाऐवजी खेळणी देतात. बाहुलीला सुई टोचून दाखवतात, त्यानं लेकरं जास्त भेदरतात. शिवाय खेळण्यांतून रोग पसरतो."

पहिलं वाक्य चूकच. खेळ औषधाच्या जागी नसतो, सोबतीला असतो. तीव्र कुपोषित बालकांच्या उपचाराचे जागतिक आरोग्य संघटनेचे दहा टप्पे आहेत. त्यांत मुलाला खेळवणं आणि माया देणं हा स्वतंत्र टप्पा आहे. रोज 15 ते 30 मिनिटं ठरवून खेळ घ्यावा, असं 1999 च्या पुस्तिकेत म्हटलंय. महागडी खेळणी लागत नाहीत. रिकाम्या बाटलीत खडे घालून झाकण घट्ट बसवलं की खुळखुळा तयार!

बाहुलीचं म्हणाल तर, लेकरू भेदरतं ते अचानक हात धरून सुई टोचल्यावर. आधी बाहुलीच्या दंडाला पट्टी बांधायला, स्टेथोस्कोप लावायला दिला, की पुढं काय होणार हे त्याला कळतं. मात्र "अजिबात दुखत नाही" अशी थाप मारू नये. "थोडं दुखेल, मी इथंच आहे" म्हणावं. आणि "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई देईल" हा आपल्याकडचा लाडका धाक आधी बंद करावा.

संसर्गाच्या मुद्द्यात तेवढं तथ्य आहे. म्हणून वॉर्डात धुता-पुसता येणारी खेळणी ठेवावीत आणि एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाताना स्वच्छ करावीत. कापडी बाहुली ज्याची त्यालाच. गोवराच्या रुग्णाची खेळणी वेगळी.