हत्तीचा शेवट आपोआप बरोबरीत सुटत नाही

बडोद्यात बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. दांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंत तो पोहोचलाय. म्हणणं असं: हत्ती-प्याद्यांचे सगळे शेवट (राजे, हत्ती आणि प्यादी एवढंच उरलेले डाव) बरोबरीत सुटतात, फार तर एक प्यादं कमी असताना डाव वाचवणारा फिलिडोरचा बचाव पाठ करा, हत्ती कायम प्याद्याच्या मागे ठेवा, उरलेला वेळ ओपनिंगला, म्हणजे सुरुवातीच्या चालींना द्या. हे ऐकून मुलं जिंकलेले डाव बरोबरीत सोडतील आणि बरोबरीतले हरतील.

“सगळे बरोबरीत सुटतात.” हे वाक्य कधी ताराश, तर कधी तार्ताकोवर या जुन्या नामवंत खेळाडूंच्या नावावर सांगतात. त्याच तार्ताकोवरला १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याने हत्तीच्याच शेवटात हरवलं. कापाब्लांकाने आपली दोन प्यादी शहासकट मारू दिली आणि राजा एच४, जी५ (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या रांगेचा) करत एफ६ वर नेला. तो राजा आणि जी६ वरचं प्यादं यांना काळ्याकडे, म्हणजे तार्ताकोवरकडे, उत्तर नव्हतं.

साधं उदाहरण घ्या. पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. हा डाव जिंकलेला आहे, पण क्रम चुकला तर नाही. आधी हत्ती ई१ वरून शह, काळा राजा डी७. आता हत्ती ई४! मग राजा बाहेर काढायचा: एफ७, जी६, एफ६, जी५. काळा मागून शह देत राहतो आणि शेवटचा शह आपला हत्ती जी४ वर येऊन अडवतो. हत्ती ई४ वर न नेता राजा आधी बाहेर काढला, तर शह अडवायला कोणी नसतं आणि राजाला प्यादं सोडून पळावं लागतं.

“फिलिडोर पाठ केला की झालं.” पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती ए७; काळा राजा ई८, हत्ती बी६. काळ्याने हत्ती सहाव्या रांगेतच इकडेतिकडे हलवत राहायचं. प्यादं ई६ वर आलं की त्याच क्षणी हत्ती बी१, आणि मागून शह सुरू. आता पांढऱ्या राजाला ई६ वर आडोसा उरलेला नाही, म्हणून बचाव टिकतो. मुलं चुकतात ती इथे: प्यादं पुढे येण्याआधीच हत्ती खाली नेतात, किंवा शेवटच्या रांगेत चिकटून बसतात. असं बसून राहणं ए, बी, जी, एच या पट्ट्यांवरच्या प्याद्याविरुद्ध चालतं. सी ते एफ पट्ट्यांवर हरतं.

“हत्ती कायम प्याद्याच्या मागे.” बहुतेकदा बरोबर, कायम नाही. पांढरा हत्ती ए८ आणि प्यादं ए६ असेल, तर काळ्याने राजा जी७ वर ठेवून हत्ती एफ६ वरून, म्हणजे बाजूने, प्याद्यावर रोखायचा. पांढरा राजा बी५ वर आला की एफ५ वरून शह. प्यादं ए७ वर ढकललं, तर हत्ती ए६ वर, म्हणजे मागे. मात्र त्यानंतर काळा राजा जी७-एच७ सोडून एफ७ वर गेला, तर हत्ती एच८! काळ्याने ए७ मारलं की एच७ वरून शह आणि हत्ती गेला.

ओपनिंगचं म्हणाल तर, पाठ केलेल्या चाली पंधराव्या-विसाव्या चालीला संपतात. वरच्या तिन्ही स्थिती पटावर मांडा, दहा मिनिटांचं घड्याळ लावा आणि बाजू बदलून दोन्हीकडून खेळवा.