चित्राकडे दहा मिनिटं बघितलं म्हणून सैतान येत नाही हो

काल रात्री साडेदहाला ताईचा फोन, आवाज रडवेला. "अरे, पोरीला त्या शाळेतून काढू का?" कुणीतरी तिला तो फिरणारा फॉरवर्ड पाठवलेला, कॅथलिक शाळांत मुलांना चित्राची पूजा शिकवतात, पालकांनो जागे व्हा वगैरे. एरवी सोडून दिलं असतं, पण आता घरातच शिरलंय तर लिहितोच.

सगळ्यात भारी मुद्दा आधी. म्हणे चित्राकडे टक लावून गप्प बसलं की मुलांचं मन रिकामं होतं आणि सैतानाला दार उघडतं. अहो, वर्गात एकदा जाऊन बसा तरी! भाचीच्या वर्गात रेम्ब्रांट या चित्रकाराचं उधळ्या पुत्राचं चित्र लावलेलं, म्हणजे येशूच्या गोष्टीतला सगळं उधळून घरी परतलेला मुलगा आणि त्याला जवळ घेणारे बाबा. टीचर आधी बायबलमधला ही गोष्ट असलेला लूकच्या शुभवर्तमानातला 15वा अध्याय वाचतात, मग मुलं बघतात, नजर कुठे अडकली ते सांगतात, मग त्यावरून ज्याने त्याने मनात देवाशी बोलायचं आणि थोडा वेळ शांत राहायचं. यात मन रिकामं कुठे झालं? भाचीने घरी येऊन सांगितलं की त्या मुलाची एक चप्पल पायातून निसटलीये, बाबांचे दोन हात एकसारखे नाहीत आणि मोठा भाऊ नुसताच उभाय, जवळ का नाही जात. मी ते चित्र कितीदा बघितलंय, चप्पल मला दिसली नव्हती. मुलांना दहा मिनिटं मोबाईलशिवाय बसवलं याचीच भीती वाटत असेल तर तसं सांगा, सैतानाला कशाला मध्ये आणता.

मग म्हणे बायबलमध्ये प्रतिमांना सरसकट बंदी, निर्गम 20 वाचा, म्हणजे दहा आज्ञांचा अध्याय. वाचलं, आता तुम्ही पाच अध्याय पुढे जा. निर्गम 25 मध्ये देवच मोशेला सांगतो की कराराच्या कोशावर, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवर, सोन्याचे दोन करूब (देवदूतांसारख्या आकृती) घडव, पंख पसरलेले. म्हणजे पाच अध्यायांत देव स्वतःची आज्ञा विसरला का? बंदी आहे ती घडवलेल्या वस्तूला देव मानण्यावर. आणि हा वाद काही आजचा नाही, 787 साली चर्चच्या धर्मगुरूंची निकियाची दुसरी परिषद याचसाठी भरली होती आणि तिथे स्पष्ट ठरलं की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेतल्या व्यक्तीला पोचतो, आराधना मात्र फक्त देवाची.

फॉरवर्डमधलं पुढचं, कॅथलिकांनी दहा आज्ञांतली मूर्ती करू नको ही दुसरी आज्ञा गाळली? गाळली नाही, पहिलीतच धरली, लुथरन हे प्रोटेस्टंट लोकही तसंच मोजतात. कॅथलिक बायबल उघडा, ओळ जागेवर आहे. चर्चमध्ये चित्रं रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने आणली? सीरियात ड्युरा-युरोपसला घरातल्या चर्चच्या भिंतीवर मेंढपाळाच्या रूपातला येशू रंगवलाय आणि ते शहर 256च्या सुमारास पडलं, तेव्हा कॉन्स्टंटाईन जन्मलाही नव्हता.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य. लोक घसरतात. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केलेल्या पितळी सापापुढे लोक पुढे धूप जाळायला लागले आणि हिज्कीया राजाला तो फोडावा लागला, बायबलमध्येच आहे, 2 राजे 18. परीक्षेच्या दिवशी फोटोला हात लावला की मार्क वाढतात असं समजणारी पोरं मीही बघितलीत, तिथे टीचरने टोकायलाच हवं. आणि वर्गात दुसऱ्या धर्माची मुलं असतील तर त्यांना प्रार्थनेची सक्ती नको. फॉरवर्डमध्ये एवढंच असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.